दुसरा फ्लॅट घेण्याआधी भाड्याचा हिशेब

हातात थोडे पैसे साठले की मध्यमवर्गीय मराठी घरात दुसऱ्या फ्लॅटचा विषय निघतोच. ‘बराचसा हप्ता भाड्यातून सुटेल’ हे त्यातले ठरलेले वाक्य. ते कागदावर मांडून पाहावे. समजा, पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट घेतला आणि तो महिना २० हजारांनी भाड्याने गेला. ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी शुल्क धरले की गुंतवणूक ८५ लाख ९० हजारांवर जाते. वर्षाचे भाडे २ लाख ४० हजार. त्यातून एक महिना फ्लॅट रिकामा, एका महिन्याचे भाडे एजंटला, महिना ३ हजार मेंटेनन्स आणि वर्षाचा १४ हजार मिळकत कर वजा केला की उरतात दीड लाख, म्हणजे जेमतेम पावणेदोन टक्के. रंगकाम आणि गळती अजून धरलेलीच नाही. ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे ५२ हजार. शिवाय नव्या करप्रणालीत भाड्यापेक्षा जास्त भरलेल्या व्याजाचा तोटा पगारातून वजा करता येत नाही.

यावर उत्तर तयार असते: भाडे कमी असले तरी किंमत वाढते. वाढते, हे खरे. पण ‘बारा वर्षांत दुप्पट झाली’ असे अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा ८५ लाख ९० हजारांचे १ कोटी ६० लाख होणे म्हणजे वर्षाला सव्वापाच टक्केच, हे कोणी सांगत नाही. विकताना नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, आणि ग्राहक मिळायला महिने लागतात. केवळ दरवाढीवर विसंबून घेतलेले घर हा सट्टा आहे. तो जरूर खेळावा, पण त्याला भाड्याचे उत्पन्न म्हणू नये.

मग दुकानाचा गाळा किंवा ऑफिस? तिथे सहा-सात टक्के सुटतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र ते टक्के भाडेकरू असेपर्यंतचे. फ्लॅट महिना-दोन महिन्यांत पुन्हा जातो. मॉलच्या वरच्या मजल्यावरचा गाळा वर्षभर कुलूपबंद राहू शकतो, आणि मेंटेनन्स व व्यावसायिक दराचा मिळकत कर चालूच राहतो. गाळा घेणारा खरे तर भाडेकरूच्या धंद्यावर पैसे लावतो. म्हणून करार नऊ वर्षांचा आहे यावर भाळू नये, भाडेकरूला लॉक-इन किती आहे, म्हणजे किती काळ तो करार सोडू शकत नाही, ते पाहावे. बरेचदा ते तीनच वर्षे असते. बिल्डर ताब्याआधीच ‘हमखास भाडे’ देत असेल, तर ते बहुधा तुमच्याच किमतीत मिसळलेले असते. ऑफिसच्या भाड्यातच वाटा हवा असेल, तर २०१९पासून शेअर बाजारात आलेले रीट, म्हणजे भाड्याच्या इमारतींत पैसे गुंतवणारे ट्रस्ट, आहेत. त्यांना वितरणयोग्य रोख उत्पन्नाचा ९० टक्के भाग वाटावाच लागतो. युनिटचा भाव खाली जाऊ शकतो, पण पैसे अडकून पडत नाहीत.

एवढे करूनही फ्लॅटच घ्यायचा असेल, तर जुना, ताबा मिळालेला, आजूबाजूचे भाडे चौकशी करून समजेल असा घ्या. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवाच; महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. आणि खर्च वजा जाता हातात येणारे भाडे हप्त्याच्या निम्मेही नसेल, तर तो व्यवहार सोडून द्या.