सेवेची किंमत दहा लाख!

तरुण डॉक्टरांना खेडे नको, त्यांच्यातील सेवाभाव आटला, असा शोक मंत्री आणि अधिष्ठाते पदवीदान समारंभांतून नेमाने करीत असतात. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठ फिरविणाऱ्या विद्यार्थ्याचे समर्थन करण्याचे आम्हांस कारण नाही. सरकारी महाविद्यालयात ज्याच्या शिक्षणाचा भार जनतेने वाहिला, त्याच्यावर जनतेचे ऋण आहेच. परंतु ही वृत्ती आकाशातून पडलेली नाही. ती घडविली गेली आहे, आणि घडविणारेच आज उपदेशकाच्या आसनावर बसले आहेत.

भोर समितीने १९४६ साली ‘सामाजिक वैद्य’ घडविण्याचे ध्येय सांगितले व त्यासाठी प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाच्या तीन महिन्यांच्या शिक्षणाची शिफारस केली. १९७८ साली अल्मा-आटा येथे २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य देण्याचे अभिवचन जगातील सरकारांनी दिले. ते साल केव्हाच उलटले. विद्यार्थी मात्र शहरातील मोठ्या रुग्णालयातच शिकत राहिला. तेथे प्रतिष्ठा आहे ती तज्ज्ञाला. सामाजिक वैद्यक हा उत्तीर्ण होण्यापुरता विषय, आणि आंतरवासितेचा ग्रामीण काळ म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाची सवड! अशा कारखान्यातून मेळघाटचा डॉक्टर कसा निर्माण व्हावा?

त्यात शिक्षणाचा बाजार मांडला गेला. कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८७ साली केला. शिक्षणसम्राटांची भरभराट काही थांबली नाही. जेथे पदवी विकत घ्यावी लागते, तेथे ती रुग्णाकडून वसूल होणार, हा बाजाराचा साधा न्याय आहे.

सरकारने तरी वेगळे काय केले? सरकारी महाविद्यालयातील पदवीधराने एक वर्ष सेवा करावी, नाहीतर दहा लाख रुपये भरावेत, अशी बंधपत्राची रीत येथे वर्षानुवर्षे चालली. म्हणजे धनिकाच्या मुलास सेवा ऐच्छिक आणि शेतमजुराच्या मुलास सक्तीची! शिवाय खेडे ही शिक्षा असून पैसे भरून ती टाळता येते, हा धडा खुद्द शासनानेच विद्यार्थ्यांना दिला.

आणि जो जातो त्याचे काय? सपाट प्रदेशात तीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र हा कागदावरचा निकष. प्रत्यक्षात कोठे निवासस्थान गळते, कोठे औषधे संपलेली असतात. त्या केंद्राची खेड्यातील भिस्त ज्या आशा सेविकांवर, त्यांना सरकार वेतन देत नाही, मानधन देते. सेवेची सरकारी प्रतिष्ठा ती एवढीच.

तेव्हा विद्यार्थ्यांना दूषणे देणे हा कार्यक्रम होऊ शकत नाही. पैसे भरून सुटण्याची वाट कोणालाही, कधीही उपलब्ध असू नये. शिक्षणाचा मोठा भाग तालुक्यात आणि आरोग्य केंद्रात व्हावा. ग्रामीण सेवा केलेल्यांना पदव्युत्तर प्रवेशात अग्रहक्क मिळावा. केंद्रांना औषधे, निवास व कायम कर्मचारी मिळावेत, या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी वसतिगृहांत जावे आणि खेड्यांतही जावे. विद्यार्थी आणि रुग्ण यांना परस्परांविरुद्ध उभे करण्यात ज्यांचे हित आहे, त्यांचा डाव तेथेच मोडेल.