हा बॉम्ब कुणावर टाकायचा?



दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गोव्याला गेलो होतो. मुलांना समुद्र हवा होता, ह्यांना विमानं. म्हणून एक सकाळ बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयासाठी राखून ठेवली. निघताना सासूबाई म्हणाल्या, "लढाईची विमानं बघायला एवढ्याशा पोरांना कशाला न्यायचं?" मी हसून विषय टाळला.

दशम्या, चटणी आणि गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन पोचलो. मोकळ्या आवारात ओळीनं विमानं उभी आहेत. मुलं अगदी हरखून गेली. पूर्वी एअर इंडियाचे प्रवासी नेणारं आणि पुढे नौदलात समुद्रावर पाळत ठेवणारं सुपर कॉन्स्टेलेशन बघून धाकटी ओरडली, "आई, ह्याला तीन शेपट्या!" सी हॉकचे पंख दुमडता येतात, कारण जहाजावर जागा कमी, हे ह्यांनी मोठ्याला समजावलं. १९७१ च्या डिसेंबरात विक्रांत जहाजावरून उडून याच जातीच्या विमानांनी चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले केले होते.

मग आम्ही आतल्या दालनात गेलो. तिथं बॉम्ब आणि टॉर्पेडो मांडले आहेत. मोठा बॉम्बशेजारी दोन बोटं वर करून फोटोला उभा राहिला. तेवढ्यात धाकटीनं विचारलं, "हा कुणावर टाकायचा?"

मी म्हटलं, "चल पुढे."

खरं सांगते, दिवसभर ते दोन शब्द मला टोचत राहिले. जिला मुंगीसुद्धा ओलांडून जायला शिकवलं, तिनं अगदी योग्य प्रश्न विचारला होता आणि मी तिचं बोट धरून पळ काढला होता.

सूर्यास्ताआधी जेवायला बसलो तेव्हा मीच विषय काढला. "तो बॉम्ब शत्रूच्या जहाजावर, धावपट्टीवर टाकतात. तिथं माणसं असतात. ती मरतात." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग पाप लागत नाही?"

पाठशाळेत आपण सगळ्या शिकलो आहोत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशी हिंसा चार प्रकारची. श्रावकानं संकल्पी हिंसा सोडलीच पाहिजे. स्वतःच्या, घरच्यांच्या, देशाच्या रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण सुटत नाही. पण तीही हिंसाच. नाइलाज झाला म्हणून तिचं पुण्य होत नाही. मी मुलीला एवढंच सांगितलं, "सैनिक आपल्यासाठी ते ओझं उचलतात. म्हणून त्यांना नमस्कार करायचा. पण बॉम्ब बघून टाळ्या वाजवायच्या नाहीत."

हे काही माझं नवं तत्त्वज्ञान नाही. श्रवणबेळगोळला बाहुबलींची ५७ फुटी मूर्ती उभारणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. कितीतरी लढाया लढलेल्या माणसानं मूर्ती कुणाची उभारली? जिंकलेलं राज्य सोडून तपाला निघून गेलेल्या बाहुबलींची. भरत आणि बाहुबली समोरासमोर आले, तेव्हाही मंत्र्यांनी सांगितलं की सैन्य कशाला मरू द्यायचं, तुम्ही दोघंच लढा. दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध झालं. ही गोष्ट आपण मुलांना झोपताना सांगतो. ती सांगायची खरी जागा मला त्या बॉम्बसमोर होती असं आता वाटतं.

म्हणून माझं मत असं: मुलांना अशा ठिकाणी जरूर न्या. विमान कसं उडतं ते कळू द्या, चेतक हेलिकॉप्टर दाखवताना ते बुडणाऱ्यांना वर काढायलाही जातं हे सांगा. विमानाजवळ फोटो काढा, बॉम्बजवळ नको. मुलं प्रश्न विचारतील तेव्हा थांबा. अहिंसा पाळणाऱ्या घरातल्या मुलांना शस्त्र म्हणजे काय हे इतरांपेक्षा जास्त नीट कळायला हवं. झाकून ठेवलं तर तीच मुलं मोबाइलवर बॉम्ब टाकायचे खेळ खेळत बसतात आणि आपल्याला पत्ताही नसतो.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तो फोटो?" मोठ्यानं तो स्वतःच काढून टाकला होता. मी सांगितलं नव्हतं.

काही चुकीचं लिहिलं असेल तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र.