मनाचा वैद्य शोधताना

गेल्या वर्षी आश्विनातील एका सकाळी, शाळा भरावयास अद्याप अवकाश असताना, आमच्या थोरल्या भगिनी दारी आल्या. पायांतील वहाणाही न काढता ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तू एवढ्या मुलांना वळण लावतोस. माझ्या मुलाला चार शब्द सांग." हा मुलगा म्हणजे आमचा भाचा, बेचाळीस वर्षांचा, एका कारखान्यात हिशेबनीस, दोन मुलींचा बाप. गेली नऊ-दहा वर्षे तो पीत होता, हे घरातील सर्वांस ठाऊक होते आणि कोणीही बोलत नव्हते.

आम्ही चार नव्हे, चारशे शब्द सांगितले. बत्तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेल्या माणसास दुसरे काय येणार! देवापुढे नारळ ठेवून शपथ घेवविली. त्याने ती घेतली आणि, आमच्या दुर्दैवाने म्हणावे लागते, त्याच घटकेपासून पाळलीही. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातांतील पेला थरथरू लागला. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झाडू लागला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. पहाटे त्यास रुग्णालयात न्यावे लागले. तेथील तरुण डॉक्टरांनी आम्हांस विचारले, "दारू एकदम बंद करायला कोणी सांगितलं?" आम्ही खाली मान घातली.

हे सारे त्याच्याच संमतीने लिहीत आहो. "मामा, लिहा. कुणाच्या तरी घरी उपयोग होईल," असे तोच म्हणाला.

जे आम्हांस त्या पहाटे कळले ते प्रत्येक घरास आधी कळावयास हवे. वर्षानुवर्षे रोज मद्य घेणाऱ्याचे शरीर त्यास सरावलेले असते. ते अकस्मात तोडले म्हणजे पहिल्या दिवसात कंप, घाम आणि अस्वस्थता येते. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेल्या वस्तू दिसतात. हा प्रकार जिवावरही बेततो. म्हणून सोडण्याचा पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखाली जावा लागतो. कंप शमविणारी औषधे हळूहळू उतरवीत देतात, आणि दीर्घकाळ पिणाऱ्यांत 'ब-१' जीवनसत्त्वाची उणीव असते म्हणून तेही टोचतात. शपथ, उपदेश, कुलदैवत यांचा क्रम त्यानंतरचा.

मग आधी डॉक्टरांकडे का गेलो नाही? त्याचे उत्तर आमच्या बडोद्यात दडलेले आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९६० मध्ये गुजरात राज्य निराळे झाले तेव्हाही येथे कायम राहिला. परवान्यावाचून पिणे हा येथे गुन्हा आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या घरात जी केवळ लाज असते, ती आमच्या घरांत लाज अधिक पोलिसांची भीती अशी दुहेरी होते. भगिनींचा पहिला प्रश्न हाच होता की रुग्णालयाच्या कागदावर कारण लिहिले तर पुढे काय? वस्तुतः २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांचा मानसिक आजारात समावेश केला आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्कही दिला आहे. त्यास अपवाद मोजके. हे ठाऊक असते तर कदाचित पाच वर्षे आधी दार ठोठावले असते.

त्या पाच वर्षांत काय केले, तेही सांगून टाकतो. वर्तमानपत्रात 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती येतात. भगिनींनी तसली एक पूड मागवून सहा महिने चहातून दिली. त्या पुडीत काय होते, ईश्वर जाणे. मद्याविषयी घृणा उत्पन्न करणारे डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. १९४८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी त्याचा हा उपयोग पुढे आणला. पण ते घेतलेल्याने मद्य प्यायल्यास छातीत धडधड होते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. म्हणून ते रुग्णास सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यावयाचे असते. चोरून दिलेले औषध आणि चोरून प्यायलेली दारू यांची गाठ एकाच पोटात पडावी, यासारखा धोका नाही.

अकरा दिवसांनी भाचा घरी आला. निरोप देताना मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, "शरीराचे काम झाले. आता नियमित बोलायला कोणीतरी शोधा." आणि आमचा खरा शोध तेथून सुरू झाला.

केंद्र सरकारने एम्सकडून करविलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी जेमतेम एकास कोणत्याही प्रकारचा उपचार मिळालेला असतो. इतर सदतीस काय करतात, याचा आम्हांस आता अंदाज आहे. ते पहिल्या दारावरून परत फिरतात.

पहिले गृहस्थ 'समुपदेशक' होते. पाटी मोठी होती. त्यांनी पाऊण तास व्याख्यान दिले. ते ऐकताना आपलेच चारशे शब्द आपल्या कानी पडत आहेत असा आम्हांस भास झाला. दुसरे सज्जन विद्वान होते, पण परीक्षेच्या चिंतेने ग्रासलेल्या मुलांत त्यांचा हातखंडा. पिणारा रुग्ण त्यांनी क्वचितच पाहिला होता, आणि तसे त्यांनी प्रांजळपणे सांगितलेही. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे.

या फेऱ्यांत आमचे काही अज्ञान फिटले. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर. औषध तोच देतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, बोलण्याच्या पद्धतशीर मार्गाने उपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. 'समुपदेशक' हा शब्द मात्र सैल आहे. कोणी दोन वर्षे पदव्युत्तर अभ्यास केलेला, कोणी चार आठवड्यांचा वर्ग आटोपलेला; पाटी सारखीच. आम्ही पुढे सर्वांस एक प्रश्न आवर्जून विचारू लागलो: "उपचार चालू असता तो पुन्हा प्यायला, तर तुम्ही काय कराल?" जो "मग माझ्याकडे आणू नका" म्हणेल, त्याच्याकडे मुळात जाऊच नये. पुन्हा घसरणे हा या आजारात बहुधा येणारा टप्पा आहे. तापाचा रुग्ण पुन्हा तापला म्हणून वैद्य त्यास हाकलीत नाही. घरच्यांनाही भेटाल का, डॉक्टरांशी संपर्क ठेवाल का, हेही विचारावे. फीचे संकोच न करता आधीच बोलावे, कारण हे काम महिनोन्महिने चालते. सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात खर्च पुष्कळ कमी येतो.

अमेरिकेतील विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये, पिणाऱ्यांशी कसे बोलावे याविषयी, एक पद्धत मांडली. तिचे सार असे की, दटावले की माणूस पिण्याची बाजू घेऊन भांडतो. ऐकून घेतले की सोडण्याची कारणे तो स्वतःच बोलू लागतो. आम्हा मास्तर मंडळींस हे पचविणे जड गेले.

तिसरे दार एका गुजराती बाईंचे होते, शिक्षणाने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. भाचा गुजराती उत्तम बोलतो. त्याचा बाजार, कचेरी, मित्र सारे त्याच भाषेत. तरी पहिल्या दोन भेटी रूक्ष गेल्या. तिसऱ्या भेटीत बाई म्हणाल्या, "माझं बालपण दांडिया बाजारात, मराठी शेजारात गेलं. तुम्ही मराठीत बोला, मी गुजरातीत बोलेन. अडलं तर विचारेन." त्या दिवशी वडिलांविषयी सांगताना भाच्याच्या तोंडून 'कुचंबणा' हा शब्द गेला. बाईंनी थांबवून अर्थ विचारला. तो अर्थ सांगावयास त्यास चाळीस मिनिटे लागली. घरी येऊन पत्नीस म्हणाला, "एका शब्दाचा अर्थ सांगता सांगता सगळंच सांगून झालं."

आपल्या प्रांताबाहेर राहणाऱ्या आपणां सर्वांस हे ध्यानी घेण्याजोगे वाटते. हिशेब परभाषेत मांडता येतो. पण बालपणीची भीती ज्या भाषेत बसली, त्याच भाषेतून ती बाहेर निघते. जवळ मराठी जाणणारे कोणी नसेल तर आता दूरध्वनीवरून व चित्रसंवादातूनही भेटी होतात. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे आणि तेथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा निराळा क्रमांक आहे. काही दिवस राहून उपचार घ्यावयाचे असतील तर पुण्याचे 'मुक्तांगण' आहेच. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट या दांपत्याने १९८६ मध्ये, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ते उभे केले, आणि तेथील कारभार मराठीतूनही चालतो.

भाचा पुन्हा प्यायला का? होय. माघात कारखान्यातील मंडळींबरोबर दमणला गेला असता एक रात्र प्यायला. या खेपेस त्याने लपविले नाही. परतताना गाडीतूनच बाईंना निरोप धाडला आणि दोन दिवसांत त्यांच्यापुढे जाऊन बसला. आम्हांस आठवड्याने कळले. आम्ही बोलावयास तोंड उघडले आणि, सांगावयास थोडा अभिमान वाटतो, मिटून घेतले.

भगिनींची कथा निराळी आहे. त्या रोज रात्री मुलाच्या तोंडाचा वास घेत, खिसे तपासत. बाईंनी त्यांनाही दोनदा बोलावले आणि पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या 'अल-अनॉन' या मंडळींच्या सभेची वाट दाखविली. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' ही पिणाऱ्यांनी पिणाऱ्यांसाठी चालविलेली संघटना अमेरिकेत १९३५ मध्ये निघाली. तिच्या एका संस्थापकाच्या पत्नीने पुढाकार घेऊन १९५१ मध्ये ही दुसरी काढली. दोहोंतही फी नाही, आडनाव विचारीत नाहीत. हा उपचार नव्हे, सोबत आहे. दोन्हींस आपापली जागा आहे. भगिनी प्रथम कुरकुरल्या: "मी कुठे पिते?" आता गुरुवार चुकवीत नाहीत. परवा आल्या तेव्हा वहाणा काढून आत आल्या, चहा घेतला आणि तासभर थोरल्या नातीच्या गणिताविषयीच बोलत बसल्या.