न वाचता ‘होय’ म्हणू नका!

कॉम्प्युटर शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी सध्या ‘टर्मिनल’ हा शब्द ऐकू येतो. पोरगा काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करतो, म्हणजे शिकतो, असे आईवडिलांना वाटते. ते खरेही आहे. पण हा प्रकार काय आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांनीही समजून घेतले पाहिजे.

ज्यांनी १९९० च्या दशकात कचेरीत डॉसवर काम केले, त्यांना हा काळा पडदा ओळखीचा आहे. तेथे माऊस नाही, चित्रे नाहीत. हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचे, की यंत्र तो पाळते. पूर्वी हे हुकूम पाठ करावे लागत. आता तेथेच कृत्रिम बुद्धीचा मदतनीस येऊन बसला आहे. २०२५ साली फेब्रुवारीत अँथ्रोपिकने ‘क्लॉड कोड’, एप्रिलमध्ये ओपनएआयने ‘कोडेक्स’ आणि जूनमध्ये गुगलने ‘जेमिनी सीएलआय’ आणले. “या फोल्डरमधल्या फायलींना तारखेप्रमाणे नावे दे” असे मराठीत सांगितले तरी हुकूम तोच लिहितो आणि चालवतोही.

मेडशीसारख्या गावातील मुलांना ही मोठी संधी आहे. कुठे चुकले, हे रात्री बारा वाजता विचारले तरी तो कंटाळत नाही, हसत नाही.

मग अडचण कुठे? हुकूम चालवण्याआधी तो साधारणपणे परवानगी मागतो : होय की नाही? पहिल्या दिवशी मूल वाचते. आठव्या दिवशी न वाचताच ‘होय’ दाबत सुटते. वाचकहो, हे चित्र आपल्याला नवे आहे काय? सावकाराच्या कागदावर आपल्या आजे-पणज्यांनी न वाचता अंगठे दिले, कारण त्यांना वाचू दिले गेले नव्हते. आज नातवाला वाचता येते, तरी तो न वाचता ‘होय’ म्हणत असेल, तर त्या अंगठ्यात आणि या ‘होय’मध्ये फरक तो काय?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत रेप्लिट कंपनीच्या अशाच मदतनीसाने, काही बदलू नको असे बजावले असतानाही, एका उद्योजकाच्या बाराशेहून अधिक नोंदी पुसल्या. माहिती पुढे परत मिळाली, कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली. आपल्या मुलाच्या फायली गेल्या तर कोण माफी मागणार? टर्मिनलमधील ‘आरएम’ हुकमाने पुसलेली फाइल कचरापेटीतही जात नाही. न विचारता सर्व करून टाकण्याची सोयही या मदतनिसांत असते. पण क्लॉड कोडच्या कंपनीने त्या सोयीच्या नावातच ‘धोकादायक’ अशा अर्थाचा शब्द घातला आहे!

म्हणून मुलांनो, एवढे पाळा. कामासाठी वेगळा फोल्डर करा आणि मूळ फायलींची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. आधार, जातीचा दाखला, पासबुक यांच्या प्रती त्या फोल्डरमध्ये ठेवू नका. मदतनीस जे वाचतो ते कंपनीच्या कॉम्प्युटरकडे जाते. हुकूम कळला नाही तर “हा काय करतो, मराठीत सांग” असे आधी विचारा. तरीही कळला नाही तर ‘नाही’ दाबा.

आणि पालकांनो, तुम्हाला कॉम्प्युटर येत नसला तरी पोराच्या शेजारी बसून एक प्रश्न जरूर विचारा : “आता तू ‘होय’ म्हणालास, ते कशाला?” उत्तर देता आले, तर समजा, पोरगा खरेच शिकतो आहे.