जाझ संगीत आणि आपली रागविद्या

आमच्या शाळेंत तबला-पेटीचा वर्ग एका टोकास भरतो व बँडची तालीम दुसऱ्या टोकास चालते. मध्यें पटांगण आहे. परंतु त्याहून मोठें अंतर मनांत आहे. बँडमधील मुलांस रागदारी ही आजोबांच्या काळची गोष्ट वाटते, तर रागदारी शिकणाऱ्यांच्या घरीं बँड म्हणजे नुसता गोंगाट असें मानण्यांत येतें. हे दोन्ही ग्रह चुकीचे आहेत असें आमचें मत आहे. त्यास आधार म्हणून अमेरिकेंतील जाझ संगीताचें उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

जाझ हें अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांनीं जगास दिलेलें धन. विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यू ऑर्लिन्स शहरांत तें वाढीस लागलें. आपला गवई जसा बंदिशीभोंवतीं विस्तार करतो, तसा जाझवादकही ठराविक चालीवर आयत्या वेळीं नवी रचना करतो. मुख्य भेद हा कीं, आपला गवई एका षड्जास धरून चालतो, तर जाझवादकाच्या पायाखालील स्वरसमूह क्षणोक्षणीं बदलत असतात. १९५९ च्या सुमारास माइल्स डेव्हिस प्रभृति वादक ही धांवपळ सोडून एकाच स्वरपंक्तीवर दीर्घकाळ वाजवूं लागले. ही वाट त्यांची त्यांनींच शोधली. तथापि तिच्यावरून चालतां चालतां कित्येकांस रागविद्येचें दार दिसलें.

जॉन कोल्ट्रेन हा सॅक्सोफोनवादक त्यांपैकीं अग्रणी होय. १९६१ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्क येथें त्यानें ‘इंडिया’ नांवाची रचना वाजविली. तींत दोन बास वाद्यें मिळून तंबोऱ्यासारखा आधार धरतात. रविशंकरांविषयीं त्यास इतका आदर होता कीं, १९६५ सालीं झालेल्या मुलाचें नांव त्यानें रवि असें ठेविलें. त्यांच्यापाशीं अधिक शिकण्याची इच्छा मनांत असतांच, १९६७ सालीं वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षीं तो वारला. डॉन एलिस यानें हरिहर राव यांच्यापाशीं तालांचे पाठ घेतले आणि १९६६ सालीं माँटेरी येथील जलशांत १९ मात्रांची रचना आपल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. इंग्लंडांत जन्मलेले गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन हे तर वीणा शिकण्यास विद्यार्थी होऊन बसले. मुंबईचे झाकिर हुसेन आदि वादकांसह त्यांनीं काढलेल्या ‘शक्ति’ या संचास २०२४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

हें ऐकून कोणी छाती फुगवून ‘जाझ मूळचें आमचेंच’ असें म्हणूं नये. तें खरें नाहीं, आणि ज्यांनीं तें घडविलें त्यांच्यावर तो अन्याय होईल. उलटपक्षीं, उपाहारगृहांतील वाद्यांस राग शिवला म्हणजे तो बाटला, अशी कुरकुर करणेंही योग्य नव्हे. ज्यांचें घेणें टिकलें ते मांडी घालून शिकले होते. ज्यांनीं नवलाईखातर सतारीचा झंकार मिसळला त्यांचें वादन नवलाईबरोबरच सरलें.

आपल्या मुंबईनेंही अशी देवघेव पाहिली आहे. १९३० नंतरच्या दशकांत ताजमहाल हॉटेलांत अमेरिकेचे कृष्णवर्णीय वादक जाझ वाजवीत. देवळांशीं जोडलेल्या पाठशाळांतून स्वरलेखन शिकून आलेल्या अनेक गोमंतकीय ख्रिस्ती वादकांनीं ती कला उचलली; आणि पुढें त्यांच्यापैकींच चिक चॉकलेट यांनीं सी. रामचंद्र यांस चित्रपटगीतांच्या कामीं साहाय्य केलें.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आठवड्यांतून एक तास दोन्ही वर्ग एकत्र बसावेत. बँडच्या मुलांनीं हातावर टाळी देत झपतालाच्या दहा मात्रा मोजाव्यात. तबल्याच्या मुलांनीं चार स्वर एकदम उमटले असतां कानास काय वाटतें तें ऐकावें. यासाठीं नवा खर्च लागत नाहीं. पालकांनीं एवढेंच करावें कीं, मुलाच्या हातीं कोणतें वाद्य आहे हें पाहण्यापूर्वीं तो तें किती मनापासून शिकतो आहे हें पाहावें. कोल्ट्रेनला आयुष्य पुरलें नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांस तर केवळ पटांगण ओलांडावयाचें आहे.