दार्जिलिंगचा चहा, बारमधला

दोन वर्षे भिशी भरून आम्ही उभयतां दार्जिलिंग पाहून आलो. पहिल्याच संध्याकाळी चौरस्त्यावर धुके, पाऊस आणि अंगात हुडहुडी. जवळ उबदार दिसले ते एकच ठिकाण, आणि तो निघाला बार! सौ. दारातच थांबली. तिच्या वडिलांचा गिरणीतला पगार गुत्त्यातच जायचा. "अहो, भिजले तरी चालेल, मी आत यायची नाही."

आतून मालकीणबाई आल्या. म्हणाल्या, "दीदी, चाय भी है."

आत लाकडी बाकडी, कोपऱ्यात शेगडी. शेजारी एक कुटुंब तोंगबा पीत होते. आंबवलेली नाचणी लाकडी नळकांड्यात भरतात, वर कढत पाणी ओततात आणि बांबूच्या नळीने ओढतात. पाणी संपले की पुन्हा ओतायचे. आजी, लेक, सून सगळी बसलेली. आरडाओरड नाही, शिवीगाळ नाही. आता दारू ती दारूच; आम्ही चहा आणि मोमो घेतले. सौ. मात्र बराच वेळ त्या आजीकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी घूमला गेलो. १८८१ पासूनची छोटी गाडी तिथे ७,४०७ फुटांवर चढते, पण भाडे आपल्या खिशाला जड. शेअर जीप बरी. १८५० च्या विहारात मैत्रेयाची १५ फुटी मूर्ती आहे. सौ. तिच्यापुढे शांत बसली. मग १९९२ चा जपानी शांतिस्तूप पाहिला.

उतरताना पुन्हा पाऊस. सौ.च म्हणाली, "अहो, त्या बाईंकडे चहा घेऊ या."