एक टक्का माणसे

मोबाइल फोनवरील कोणतेही ॲप तयार करताना प्रारंभीच एक आकडा लिहावा लागतो. कार्यप्रणालीच्या कोणत्या आवृत्तीपासून पुढे हे ॲप चालेल, एवढेच तो सांगतो. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीच्या जागी आठवी लिहिली, की सहावी-सातवी असलेल्या फोनांवर ते ॲप नव्याने घेता येत नाही. ना नोटीस, ना सुनावणी. रेशन दुकानदाराने धान्य नाकारले तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. येथे नाकारणारा कोण, हेच नाकारल्या गेलेल्याला कळत नाही.

हा आकडा ठरवणारे तंत्रज्ञ दुष्ट असतात असे नव्हे. प्रत्येक जुन्या आवृत्तीवर स्वतंत्र चाचणी घ्यावी लागते, नव्या सोयींना पर्यायी वाट लिहावी लागते, आणि ज्या तयार घटकांवर ॲप उभे असते ते घटकच आपली किमान पायरी वर नेत असतात. सुरक्षिततेचा मुद्दाही खोटा नाही. ज्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळणे बंद झाले, तिच्यावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचेच. परंतु या हिशेबाची एक बाजू कधी मांडलीच जात नाही. आवृत्ती वगळल्याने कंपनीचा जो खर्च वाचतो तो नाहीसा होत नाही; नवा फोन घेणे भाग पडलेल्याच्या खिशावर तो सरकतो. कारखान्याच्या धुराड्याने शेजारच्या वस्तीवर खर्च लादावा, तसाच हा प्रकार.

शेकडेवारीची भाषा हे सारे झाकून टाकते. अँड्रॉइडच्या २०१३ मधील 'किटकॅट' आवृत्तीला आपल्या प्ले सेवांतून वगळत असल्याचे गूगलने जुलै २०२३ मध्ये जाहीर केले, तेव्हा अशी चालू उपकरणे एक टक्क्याहून कमी उरल्याचे सांगितले. याच कंपनीने मे २०२१ मध्ये जगातील चालू अँड्रॉइड उपकरणांची संख्या ३०० कोटी सांगितली होती. तिचा एक टक्का म्हणजे ३ कोटी. निम्मा धरला तरी दीड कोटी!

आणि इच्छा असेल तर वाट निघते. संकेतस्थळांना विनामूल्य सुरक्षा-प्रमाणपत्रे देणाऱ्या 'लेट्स एन्क्रिप्ट' या ना-नफा संस्थेचे नवे मूळ प्रमाणपत्र ७.१.१ पूर्वीचे अँड्रॉइड फोन ओळखत नव्हते. संस्थेच्याच अंदाजाने २०२० मध्ये असे फोन सुमारे एक तृतीयांश होते. फोन बदला, हा सल्ला देऊन तिला मोकळे होता आले असते. आरंभी सूर काहीसा तसाच होता. पण त्याच डिसेंबरात तिने फोनांच्या ओळखीच्या एका जुन्या संस्थेकडून तीन वर्षांची प्रतिस्वाक्षरी मिळवली, आणि ते फोन चालू राहिले.

खासगी कंपनीला निदान बाजाराची सबब आहे. शासनाला कोणती? केंद्राचे 'पोषण ट्रॅकर' ॲप मार्च २०२१ मध्ये आले. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांच्या हाती तेव्हा शासनानेच पूर्वी दिलेले २ जीबी स्मृतीचे फोन होते. ते तापत, अडकत. आणि त्याच वर्षी सेविकांनी ते हजारोंच्या संख्येने शासनाला परत केले. तेथे अडचण आवृत्तीपेक्षा स्मृतीची होती, पण न्याय तोच: ॲप राजधानीत वाढले, फोन गावात होता तेथेच राहिला. जुलै २०२५ पासून तर घरी न्यावयाच्या आहारासाठी ॲपवर चेहरा पटवणे बंधनकारक झाले आहे. फोन अडला तर आहार अडतो, आणि बोलणी खावी लागतात ती सेविकेला.

म्हणून संघटनांनी एक साधी मागणी लावून धरली पाहिजे. शासकीय ॲपची किमान आवृत्ती आणि स्मृती निविदेतच जाहीर व्हावी, आणि ती शासनाने वाटलेल्या सर्वांत जुन्या फोनवरून ठरावी, कंत्राटदाराच्या टेबलावरील फोनवरून नव्हे. ती वाढवायची असेल तर आधी नवे फोन द्यावेत. तोवर अंगणवाडीच्या वहीतील नोंद ग्राह्य धरावी आणि ॲप चालले नाही या कारणास्तव कोणाचेही मानधन किंवा आहार रोखू नये.